पीडीएफ वाटणाऱ्याचे नाव कोणाला, कधी आणि कोणत्या अटीवर कळावे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मला व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली आणि ‘सर, यातले समासाचे प्रकरण फार सोपे करून सांगितले आहे, तुम्हालाही शिकवताना उपयोगी पडेल’ असे आवर्जून कळवले. ती पीडीएफ माझ्याच पुस्तकाची होती. मुखपृष्ठ आणि माझे नाव असलेले पान कोणीतरी गाळले होते, बऱ्याच पानांच्या कडेला पुस्तक उघडे धरणाऱ्याचा अंगठा आला होता आणि तत्पुरुषाच्या उदाहरणांखाली ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघाही तशाच उमटल्या होत्या. मी स्पर्धा परीक्षांसाठी मराठी व्याकरणाची दोन पुस्तके लिहिली आहेत आणि त्यांच्या मानधनावर घरातला थोडाफार खर्च भागतो. तेव्हा पुढील मजकूर फुकट्या वाचकाची वकिली म्हणून कोणी वाचू नये.

अशा फायली वाटणाऱ्यांची नावे उघड करावीत काय, हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत ठळकपणे दिल्ली उच्च न्यायालयात आला, तोही योगायोगाने स्पर्धा परीक्षांच्याच क्षेत्रातून. एका शिक्षिकेची पुस्तके आणि चित्रित केलेली व्याख्याने टेलिग्रामवरील वाहिन्यांतून परवानगीवाचून वाटली जात होती. एक वाहिनी बंद करावी तर दुसरी नव्या नावाने उभी राहत होती. वाहिनी चालवणाऱ्याचा मोबाइल क्रमांक तिच्या सदस्यांना दिसत नाही, त्यामुळे दावा लावायचा तरी कोणावर, ही तिची अडचण खरी होती. आमची माहिती सिंगापूरमधील सर्व्हरवर आहे, तिथला कायदा ती देऊ देत नाही आणि वापरकर्त्याच्या खासगीपणाचे आम्ही रक्षण केले पाहिजे, असे टेलिग्रामचे म्हणणे होते. ३० ऑगस्ट २०२२ रोजी न्यायालयाने ते फेटाळले आणि वाहिन्या चालवणाऱ्यांचे मोबाइल क्रमांक, आयपी पत्ते (म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळणारे क्रमांक) व ईमेल पत्ते बंद लिफाफ्यात सादर करण्यास सांगितले. खासगीपणाच्या हक्काआड लपून दुसऱ्याचा हक्क बुडवता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे आणि लेखक म्हणून मला तो पटतो.

वर्तमानपत्रांनाही हा प्रश्न परका नाही. टाळेबंदीच्या काळात, मे २०२० मध्ये, ‘दैनिक जागरण’च्या ई-पेपरच्या पीडीएफ टेलिग्रामवर रोज सकाळी फिरू लागल्या, तेव्हा त्याच न्यायालयाने वाहिन्या ४८ तासांत बंद करण्याचा आणि चालकांची मूलभूत माहिती देण्याचा आदेश दिला होता. आपल्याच अंकाची पीडीएफ सोसायटीच्या गटात सकाळी सहाला पडलेली पाहून आपणास काय वाटत असेल, याची मला कल्पना आहे.

मला अधिक मोलाचा वाटतो तो २०२२ च्या प्रकरणाचा पुढचा टप्पा, ज्याची चर्चा फारशी झाली नाही. टेलिग्रामने दिलेली माहिती वादीच्या वकिलांकडे सोपवताना न्यायालयाने अट घातली की ती या खटल्यापुरतीच वापरावी, त्यासाठी पोलीस वा सरकारी यंत्रणेला द्यावी लागली तर द्यावी, पण अन्य कोणाला दाखवू नये. ही अट नसती तर काय होऊ शकते, याचा धडा इंग्लंडमध्ये मिळालेला आहे. लंडनमधील एसीएस लॉ या वकिली पेढीने, न्यायालयाच्याच आदेशाने इंटरनेट कंपन्यांकडून मिळवलेली नावे व पत्ते वापरून, हजारो घरांत ‘तुम्ही अमुक फाइल बेकायदा वाटली आहे, सुमारे पाचशे पौंड भरा, नाहीतर खटल्याला तयार राहा’ अशी पत्रे धाडली. सप्टेंबर २०१० मध्ये त्या पेढीच्या संकेतस्थळावर हल्ला झाला आणि ते पुन्हा सुरू करण्याच्या धांदलीत तिचा सगळा ईमेल-साठा जगासमोर उघडा पडला. हजारो ग्राहकांची नावे, घरचे पत्ते आणि त्यांनी कोणते अश्लील चित्रपट वाटल्याचा आरोप आहे याच्या याद्या त्यात होत्या. यांपैकी कोणावरही आरोप सिद्ध झालेला नव्हता. पेढी तोवर बंद पडली होती म्हणून तिच्या चालकाला दंड झाला तो अवघा एक हजार पौंडांचा. पुढे २०१२ मध्ये अशाच एका प्रकरणात ९,००० हून अधिक आयपी पत्त्यांमागची नावे मागितली गेली, तेव्हा लंडनच्या न्यायाधीशांनी ग्राहकांना जाणाऱ्या पत्राचा मसुदाच तपासायला घेतला आणि सरसकट सातशे पौंड मागण्याला मनाई केली. शहाणपण आले, पण लोकांची अब्रू चव्हाट्यावर आल्यानंतर.

आयपी पत्ता म्हणजे माणूस, असे समजण्यात मोठा घोटाळा आहे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या कोणत्याही अभ्यासिकेत जाऊन पाहावे. एका लांबट खोलीत पन्नास-साठ मुले-मुली पुठ्ठ्याच्या आडोशामागे वाचत बसलेली असतात, कोपऱ्यात एकच राउटर असतो आणि त्याचा पासवर्ड दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलेला असतो. जोडणी असते अभ्यासिकेच्या मालकाच्या नावावर, जो बिचारा खाली भाडे गोळा करत असतो. यांतल्या एकाने पीडीएफ चढवली तर कंपनीच्या नोंदीत नाव निघेल ते मालकाचे. मोबाइलचे तर आणखी कठीण, कारण कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात; अचूक वेळ आणि पोर्ट क्रमांक (त्या पत्त्यावरील एकेका जोडणीचा उपक्रमांक) नसेल तर त्या पत्त्यावरून एका ग्राहकापर्यंत पोहोचता येत नाही. त्यातून पोहोचलेच, तर सिमकार्ड असते गावाकडच्या वडिलांच्या नावावर. तलाठी कार्यालयातल्या भरतीची वाट पाहणाऱ्या मुलाच्या घरी, बार्शीला किंवा उदगीरला, वकिलाची इंग्रजी नोटीस पोहोचल्यावर ते वडील तिच्यातला कायदा समजून घेतील की उसनवारी करून पैसे भरतील, हे सांगायला नको.

भीतीचे हे काम किती सहज होते, ते मुंबई उच्च न्यायालयाने पाहिलेले आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये रोखलेली संकेतस्थळे उघडू पाहणाऱ्यांना तीन वर्षांची कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड असा इशारा पडद्यावर दिसू लागला आणि नुसता चित्रपट पाहिला तरी तुरुंगात जावे लागते, अशी बातमी देशभर पसरली. न्या. गौतम पटेल यांनी तो मजकूर दुरुस्त करायला लावला. गुन्हा नुसत्या पाहण्यात नाही, परवानगीवाचून वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री वा भाड्याने देणे यांत आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. त्याच सुमारास चित्रपट-निर्मात्यांनी रोखण्यासाठी आणलेल्या दुव्यांच्या लांबलचक याद्या डोळे झाकून मान्य करण्यासही त्यांनी नकार दिला होता. ज्याचा दुवा विनाकारण रोखला गेला त्याला दाद मागता यावी म्हणून खटल्याचा तपशील पडद्यावर दाखवा, असेही बजावले होते. रोखलेल्या दुव्याला जर ही सोय असेल, तर ज्याचे नाव, पत्ता आणि फोन क्रमांक दुसऱ्याच्या हाती जाणार त्याला ती का नसावी?

माझी काळजी आहे ती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १७ बद्दल. ‘कोणताही कायदेशीर हक्क वा दावा बजावण्यासाठी’ माहिती वापरणे आवश्यक असेल, तर संमती, पूर्वसूचना आणि ज्याची ती माहिती आहे त्याचे बहुतेक हक्क तिथे लागू होत नाहीत. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तेवढी उरते. न्यायालयांच्या कामासाठी त्याच कलमात वेगळी सूट आहे, म्हणजे ही पहिली सूट न्यायालयात न गेलेल्यालाही पुढे करता येईल. उद्या एखाद्या संगीत कंपनीने वा प्रकाशकाने इंटरनेट कंपनीला थेट आयपी पत्त्यांची यादी धाडली आणि तिने कटकट नको म्हणून नावे देऊन टाकली, तर ग्राहकाला त्याचा पत्ताही लागणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवताना, त्यावरचे बंधन कायद्याने घातलेले, रास्त हेतूचे आणि त्या हेतूच्या प्रमाणातच असावे, असे सांगितले होते. सव्वाशे रुपयांच्या व्याकरणाच्या पुस्तकासाठी शंभर मुलांची नावे एका खासगी पेढीच्या संगणकात जमा होणे त्या प्रमाणात बसते, असे मला वाटत नाही.

माझ्या प्रकाशकांनी आता अशी माहिती मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करायचे ठरवले आहे आणि लेखक म्हणून माझी सही मागितली आहे. मी ती दिली, पण वकीलसाहेबांना तीन गोष्टी मसुद्यात घालायला लावल्या: पैसे घेऊन पीडीएफ विकणाऱ्या वाहिनीच्या चालकाचीच माहिती मागावी, ज्याचे नाव निघेल त्याला ते आमच्या हाती पडण्याआधी न्यायालयात बोलण्याची संधी मिळावी, आणि ती माहिती खटल्यापलीकडे जाऊ नये. असा अर्ज सहसा कोणी करत नाही, असे ते म्हणाले. मसुदा अजून त्यांच्या टेबलावर आहे.

आपला,
एक वाचक व व्याकरण-लेखक, पुणे