उत्तरासोबत पहिली पायरी पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरमधे दर आठवड्याला दहावीच्या मुलांसाठी सोडवलेली गणितं येतात त्याबद्दल लिहितेय. माझा मुलगा यंदा दहावीत आहे, मराठी मिडीयम, आणि ते पान कापून फाईलला लावायचं काम माझं. गणितं चांगली असतात, पण ती फाईल घेऊन मुलाबरोबर बसायला लागल्यापासून एक गोष्ट खटकतेय.

परवा दोन चलांतली रेषीय समीकरणं चालली होती. एका दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज ९, अंकांची अदलाबदल केली तर नवी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी, तर मूळ संख्या कोणती? पहिलं समीकरण त्याने पटकन लिहिलं, एक्स अधिक वाय बरोबर ९. मग संख्या म्हणून एक्स आणि वाय नुसते शेजारी शेजारी लिहिले, उलट्या संख्येसाठी वाय आणि एक्स, पण बीजगणितात शेजारी लिहिलं की गुणाकार होतो ना, त्यामुळे वजाबाकी शून्य आली आणि त्याने वही मिटली.

फाईलमधे बघितलं तर पहिलीच ओळ, 'समजा दशकस्थानचा अंक एक्स, एककस्थानचा वाय, म्हणून संख्या दहा एक्स अधिक वाय'. आता हे 'म्हणून' कुठून आलं ते कुठेच नाही! मी दहाच्या ३ नोटा आणि रुपयाची ६ नाणी त्याच्यापुढे ठेवली, मग ६ नोटा आणि ३ नाणी ठेवली, आणि तो एकदम म्हणाला अगं नोटांना दहाने गुणायचंय. पुढचं सगळं त्याचं त्याने केलं, अंकांमधला फरक ३, संख्या ३६, ताळा पण बघितला ६३ वजा ३६. आणि मग विचारलं, आई म्हणजे मूळ आणि उलट्या संख्येतला हा फरक नेहमी ९ च्याच पटीत येणार का? त्या प्रश्नाचा मला त्याच्या मार्कांपेक्षा जास्त आनंद झाला, खरंच.

२०१९ मधे दुसरीच्या पुस्तकातल्या 'वीस एक, वीस दोन' (म्हणजे एकवीस, बावीस) वरून केवढा गदारोळ झाला होता, मी पण तेव्हा नाक मुरडलं होतं. पण दहा एक्स अधिक वाय म्हणजे तेच की, आणि दुसरीत जे पक्कं झालं नाही ते दहावीत असं आडवं येतं.

बोर्डात पायऱ्यांना मार्क असतात, शेवटचं उत्तर चुकलं तरी काही मार्क मिळतात, हे चांगलंच आहे. पण त्यामुळे मुलं पायऱ्याच पाठ करतायत. कृतीच्या प्रश्नात तर पायऱ्या छापूनच येतात, फक्त चौकटी भरायच्या, आणि मोबाईलवर फोटो काढला की अख्खं गणित समोर. या सगळ्यात सुरुवात कुठून करायची, एक्स कशाला मानायचं हे कोणी शिकवतच नाही, आणि ताळ्याला मार्क नाहीत म्हणून तो पण गेला.

म्हणून विनंती अशी की दर आठवड्याला निदान एक गणित असं छापा ज्यात सरांनी ते वाचून आधी काय विचार केला, एक्स कशाला मानला आणि का, मुलं कुठे अडकतात, हे साध्या भाषेत लिहिलेलं असेल. जागा कमी पडत असेल तर पाचाऐवजी दोनच गणितं द्या, चालेल.

पुढच्या वेळी वर्गसमीकरणं आहेत असं तुम्ही छापलंय. त्यात आगगाडीच्या वेगाचं गणित घेतलंत तर दोन उत्तरं येतील, त्यातलं ऋण उत्तर सोडून द्यायचं हे आमच्याकडे पाठ आहे, पण मुळात ते आलंच कुठून हे मुलगा विचारतोय आणि मला नीट सांगता येत नाहीये, तेवढं सरांना जरूर लिहायला सांगा.

आपली,
एक पालक, सातारा