डोकं कोणत्या दिवशी धरलं, ते लिहून ठेव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. लस घेऊन तीन दिवस झाले, डोकं अजून ठणकतंय, आता दुसरा डोस नकोच, असं लिहिलंयस. वाचताना मला माझं गेल्या वर्षीचं दुखणं आठवलं. तुला फोनवर तुटक तुटक सांगितलं होतं, आज नीट सांगतो.

माझा विषाणूचा ताप पाचव्या दिवशी उतरला, खोकलाही गेला. डोकेदुखी मात्र मुक्कामाला राहिली. डोक्याभोवती पट्टा आवळावा तशी, दोन्ही बाजूंनी. जिना चढलो की ठोके पडायचे. आजार सरला, मग हे काय उरलंय, या विचाराने रात्री झोप यायची नाही. डॉक्टरांनी एकदा शांतपणे समजावलं, तेव्हा कुठे जरा धीर आला.

मेंदूला स्वतःला वेदना कळतच नाही. दुखतात ती त्याची आवरणं आणि तिथल्या रक्तवाहिन्या, आणि तो निरोप पोचवते ट्रायजेमिनल नावाची नस. विषाणूशी लढताना शरीर इंटरल्यूकिन, इंटरफेरॉन अशी रसायनं सोडतं. त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं आणखी एक रसायन वाढतं, ताप चढतो, अंग मोडून येतं आणि ही नस हळवी होते. म्हणजे बहुतेक वेळा डोकं दुखतं ते आपल्याच बचावामुळे. लस हाच बचाव आजाराशिवाय जागा करते. तुझा दुखरा दंड, तुझी कणकण आणि हे डोकं, तिन्ही एकाच घरची.

अजून एक सांगतो. २०२० साली फायझरच्या करोना लशीची जी मोठी चाचणी झाली, तिच्यात पंचावन्न वर्षांपर्यंतच्या माणसांपैकी ५२ टक्के लोकांचं डोकं दुसऱ्या डोसनंतर दुखलं. पण ज्यांना तुलनेसाठी लशीऐवजी नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं, त्यांच्यातही २४ टक्के लोकांचं दुखलं! ती माणसं खोटं बोलत नव्हती. धास्ती, जागरण, एरवीही अधूनमधून दुखणारं डोकं, सगळं त्यात आलं. तुझं दुखणं खरंच आहे, यात मला शंका नाही. फक्त लस घेतल्यानंतर दुखलेलं सगळंच लशीचं नसतं.

म्हणून दिवस मोज. पहिल्या दोन दिवसांत सुरू होऊन ओसरत जाणारी डोकेदुखी नेहमीची. तू ज्या रक्ताच्या गाठींबद्दल विचारलंस, त्या २०२१ मध्ये ॲडिनोव्हायरस नावाच्या दुसऱ्या एका विषाणूवर बनवलेल्या करोना लशींनंतर दिसल्या, त्याही फार क्वचित. ती डोकेदुखी साधारण चौथ्या-पाचव्या दिवसानंतर, कधी दोन-तीन आठवड्यांनी नव्याने सुरू व्हायची आणि वाढत जायची. तेव्हा चार दिवस उलटल्यावर डोकं नव्याने धरलं, आडवं झाल्यावर वाढलं, दिसायला अंधुक झालं किंवा अंगावर बारीक लाल ठिपके आले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. मान ताठ होणं, बडबडणं, झटका येणं, एका क्षणात असह्य कळ येणं, यात लस असो वा ताप, तासभरही थांबायचं नाही.

आता माझी चूक. मी रोज गोळी घ्यायला लागलो. उठलो की गोळी, झोपताना गोळी. साध्या वेदनाशामक गोळ्यासुद्धा महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, की त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागू शकतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या बंद केल्या. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले, काहीच सहन व्हायचं नाही, घरातल्यांवर ओरडायचो. मग हळूहळू मोकळे दिवस यायला लागले. आता महिन्यातून एखाद-दोनदाच दुखतं.

तू पॅरासिटामॉल घे, पाकिटावर लिहिलंय तेवढंच, आणि दुखायला लागल्यावर. टोचून घ्यायच्या आधीच सावधगिरी म्हणून घेऊ नकोस. पाणी पी, झोप काढ.

दुसऱ्या डोसचं आज ठरवूच नकोस. पुढच्या वेळी जाशील तेव्हा पहिल्यांदा काय झालं, कोणत्या दिवशी झालं, ते तिथल्या डॉक्टरांना सांग. त्या आजारानंतर मीही लस घेतली. जाताना पाय जड झाले होते, पुन्हा तेच सुरू होईल या भीतीने. एक दिवस डोकं दुखलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरलं.

उद्या सकाळी उठल्यावर कसं वाटतंय ते कळव. कमी नसेल तर मी येतो, दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ.

तुझाच मित्र