एका लाल दोऱ्याबद्दल काकूंचे जाहीर आभार

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी गच्चीवरची गोणी उलटी केली आणि तीन झाडांखाली लहानमोठे धरून एकवीस बटाटे निघाले. नखांतली माती अजून गेलेली नाही, पण हे पत्र आज लिहिले नाही तर राहूनच जाईल, म्हणून लगेच लिहायला बसलो आहे.

माझे आधीचे दोन प्रयत्न कसे फसले हे आपल्याला ठाऊकच आहे. कोंब आलेले बटाटे टाकून द्यायला जीव होईना, म्हणून मी एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांना विचारले, तर त्यांनी 'भरपूर युरिया, भरपूर पाणी' एवढाच मंत्र दिला. पहिल्या खेपेस हिरवागार पाला माजला आणि खाली गोट्यांएवढे चार बटाटे निघाले, कारण नत्र जास्त झाले की झाड पानांतच रमते. दुसऱ्या खेपेस ताजे कापलेले तुकडे चिखलात कुजले. हे त्यांना ठाऊक नसेल तर त्याबद्दल राग नाही. पण पुन्हा विचारायला गेलो तेव्हा "तुमच्या हाताला गुणच नाही" असे म्हणून त्यांनी पाठ फिरवली, ती मात्र मी विसरलेलो नाही.

आपण आलात ते त्यानंतर. कुंडीतला कुजका तुकडा आपण हातात घेतलात, वास घेतलात आणि म्हणालात, "हा बुडाला, बिचारा." मग अंधारात वाढलेले कोंब पांढरे आणि लेचेपेचे होतात, उजेडात मात्र आखूड आणि जाड होतात, तुकड्याला निदान दोन डोळे हवेत आणि कापावर कोरडी खपली धरेपर्यंत तो मातीत घालू नये, हे सगळे आपण बोलता बोलता सांगितलेत. आपण शिकवलेत, पण मला अडाणी वाटू दिले नाहीत. जाणणाऱ्यांमध्ये हा सभ्यपणा किती दुर्मीळ असतो, हे त्या गृहस्थांमुळे मला नेमके कळले होते.

पण खरे आभार मानायचे आहेत ते दोऱ्याचे. बटाटा हे मूळ नव्हे, तर जमिनीखाली आडव्या वाढणाऱ्या फांदीचे फुगलेले टोक असते. तो उघडा पडला तर उजेडाने हिरवा होतो आणि खाण्याजोगा राहत नाही, म्हणून खोडाला मातीची भर द्यायची, हे मी वाचले होते. भर किती द्यायची, ते मात्र उमगत नव्हते. रोपे वीतभर झाली तेव्हा आपण शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेऊन आलात आणि प्रत्येक खोडाला एक गाठ बांधून म्हणालात, "माती इथवर." खोड पुढे जाडावेल म्हणून गाठ मुद्दाम सैल ठेवली होतीत. काही आठवड्यांनी मी कामावरून परतलो, तर तिन्ही दोरे चार बोटे वर सरकलेले होते. त्याबद्दल आपण आजवर एक शब्दही काढलेला नाही.

काल गोणी उलटताना बटाट्यांच्या आधी दोरेच हाती लागले. ते धुऊन वाळत घातले आहेत आणि सर्वांत मोठे पाच बटाटे आपल्या दाराशी ठेवले आहेत. एक कडेचा बटाटा हिरवा निघाला, तो त्यात नाही. त्या बाजूची माती मी दोऱ्यापर्यंत भरली नव्हती, हे इथेच कबूल करतो.

आपला,
वरच्या मजल्यावरचा शेजारी