रीळ कुठे पडलं?

निशिकासाई, टोकियो
मे महिन्यातला तिसरा रविवार

प्रिय गड्या,

सप्रेम नमस्कार. मासे गरवायच्या काठीचा माझा फोटो बघून तू पाठवलेला मेसेज येऊन चार दिवस झाले. 'काठी बारा फुटी दिसतेय, रीळ कुठे पडलं?' आणि पुढे ती दात विचकणारी तोंडं. अंगठ्याने दोन ओळींत उत्तर दिलं असतं तर तू आणखी चार तोंडं पाठवली असतीस, म्हणून आज सरळ कागद-पेन घेऊन बसलोय. पोचायला लागू देत पंधरा दिवस.

दोरा गुंडाळायचं ते रीळ पडलं नाही. ते या प्रकारात नसतंच. काठी, काठीच्या शेंड्याला बांधलेला दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला पिसं गुंडाळलेला एक गळ. याला इथे 'तेनकारा' म्हणतात. नावाचा अर्थ विचारू नकोस, जपानी लोकांतच त्यावर एकमत नाही. 'तेन कारा' म्हणजे 'आभाळातून', म्हणून माशाला गळ आभाळातून पडल्यासारखा वाटतो, असं कुणीतरी सांगतं आणि शेजारचा लगेच मान हलवतो.

मला वाटलं होतं, हे तर आपलंच. चिवारीची काठी, पाठीमागच्या परड्यातली गांडुळं, मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि वरच्या कोंडीवर दुपारभर बसणं. देठ हलला की तू 'ओढ ओढ' म्हणून ओरडायचास आणि मासा जायचा. त्या शिदोरीवर मी ऑफिसातल्या सेन्सेईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मी लहानपणापासून गरवतोय. (हे सेन्सेई म्हणजे आमच्या विभागातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले गृहस्थ. शिकवतात म्हणून सेन्सेई, एवढंच.) त्यांनी विचारलं, "बसून की चालत?" मी म्हटलं, बसून. ते नुसते "आ, सो" म्हणाले. त्याचा अर्थ मला गेल्या शनिवारी कळला.

पहाटे पाचला निघालो. आमच्या निशिकासाईहून तोझाई लाइनने मिताका, पुढे ताचिकावा, हाइजिमा असं करत मुसाशी-इत्सुकाइचि. तिथे रूळच संपतात. मग बस, डोंगरात. हेही टोकियोच, बरं का. देवदारासारखी सरळसोट, 'सुगी' नावाची झाडं, खाली काचेसारखं पाणी, आणि पत्ता मात्र टोकियो महानगराचा. ओढ्याचं नाव योझावा. त्याचा जवळजवळ चार किलोमीटरचा पट्टा फक्त पिसांच्या गळासाठी राखलेला आहे. गांडूळ, अळी, पीठ काही चालत नाही. हा पट्टा १९५५ साली सुरू झाला तो थॉमस ब्लेकमोर नावाच्या अमेरिकन वकिलामुळे. युद्धानंतर अमेरिकन प्रशासनाबरोबर आलेला हा माणूस पुढे टोकियोतच वकिली करत राहिला आणि इथल्या गावकऱ्यांना हाताशी धरून त्याने हे उभं केलं. सकाळी काउंटरवर दिवसाचा परवाना घ्यायचा आणि तो दिसेल असा अंगावर लावायचा. परवान्याचं तू हसशील. पण जपानात बहुतेक सगळ्याच डोंगरी ओढ्यांवर स्थानिक मच्छीमार संस्थेचा परवाना लागतो, आणि साधारण मार्च ते सप्टेंबर सोडून एरवी मासेमारी बंद, कारण शरदात मासे अंडी घालतात. आपल्याकडे चढणीच्या माशांवर पहिल्या पावसात काय तुटून पडतात ते आठवलं आणि मी गप्प बसलो.

आता काठी. गुंडाळून ठेवली की हातभर, पिशवीत मावते. एकातून एक नळी बाहेर काढत गेलं की बारा फूट. कार्बनची आहे, वजन शंभर ग्रॅमसुद्धा नाही. शेंड्याला वेणीसारखी विणलेली इवलीशी दोरी असते, तिला 'लिलियन' म्हणतात. तिच्यात सरकफास टाकून नारिंगी दोरा अडकवायचा. तो काठीइतकाच लांब किंवा थोडा जास्त. पुढे हातभर बारीक, न दिसणारा दोरा, आणि शेवटी केबारी, म्हणजे तो पिसांचा गळ. पूर्वी काठी बांबूची आणि दोरा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा असायचा. हे खेळ म्हणून सुरू झालेलं नाही. डोंगरात राहणारे लोक इवाना आणि यामामे हे ओढ्यातले मासे पकडून गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या धर्मशाळांना विकायचे, त्यांचं हे पोट भरायचं साधन. दिवसाला डझनावारी मासे काढायचे, रात्र पडायच्या आत डोंगर उतरायचा, आणि ओझं पाठीवर. अशा माणसाला कशाला हवीत जास्तीची यंत्रं?

केबारी तुला दाखवायला हवी. आपल्या माशीसारखी ती दिसत नाही. खरं तर कशासारखीच दिसत नाही. 'साकासा केबारी' नावाच्या जातीत कोंबड्याच्या मानेची पिसं उलटी, गळाच्या डोळ्याकडे झुकलेली बांधतात. कोकणातल्या वाऱ्यात छत्री उलटी होते ना, तशी. पाण्यात दोरा जरासा ताणला आणि सैल सोडला की पिसं उघडतात-मिटतात, आणि माशाला वाटतं जीव आहे. मी विचारलं, कुठला किडा आहे हा? सेन्सेई म्हणाले, "मासा ठरवेल." त्यांच्या डबीत बारा केबाऱ्या होत्या, सगळ्या एकसारख्या. विलायती पद्धतीत म्हणे ओढ्यावर आज कुठला किडा उडतोय ते बघून तसाच गळ शोधायचा, त्यासाठी शंभर-दीडशे नमुने बाळगायचे. जपानच्या आइची प्रांतातले प्राध्यापक हिसाओ इशिगाकी तर एकाच नमुन्यावर सगळीकडे मासेमारी करण्यासाठी प्रसिद्ध आहेत. २००९ साली ते न्यू यॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरात जाऊन अमेरिकनांना हे दाखवून आले. त्याच वर्षी डॅनियल गॅल्हार्डो याने तिकडे या काठ्यांची कंपनी काढली, आणि आज तेनकाराबद्दल इंग्रजीत वाचायला ढीगभर मिळतं.

बरं, माझी फजिती. पहिली फेक मागच्या झाडात. दुसरी माझ्याच टोपीत. तिसरी ओढ्यात पडली, पण सगळा दोरा भाताच्या शितांवर पडलेल्या शेवयांसारखा गोळा होऊन. दहा वाजेपर्यंत चार केबाऱ्या झाडांना वाहिल्या. म्हसोबाला नवस फेडावा तशी एक फांदी नटली होती माझी. सेन्सेई काही बोलत नव्हते. शेवटी माझ्या मागे येऊन उभे राहिले, माझं कोपर बरगडीला टेकवलं आणि तर्जनी काठीच्या वर ठेवून दिली. "जोर नको. काठीला करू दे." घड्याळात बाराच्या पुढे काठी मागे न्यायची नाही, तिथे क्षणभर थांबायचं, दोरा मागे सरळ झाल्याचं हाताला कळतं, आणि मग पुढे दहावर आणून सोडायचं. ते क्षणभर थांबणं मला जमत नव्हतं. आपल्याला कुठे असलं थांबायची सवय!

पण खरी गोष्ट फेकण्याची नाहीच, हे मला जेवणाच्या वेळेनंतर उमगलं, आणि त्यासाठीच हा सगळा पत्रप्रपंच. दोरा पाण्याला लागू द्यायचा नाही. पाण्यात फक्त केबारी आणि तो बारीक दोरा. बाकी सगळं काठी उंच धरून हवेत. का, तर ओढा एका वेगाने वाहत नाही. मध्ये धार जोरात, दगडामागे पाणी जवळजवळ थांबलेलं, आणि मासा त्या थांबलेल्या पाण्यात तोंड वर करून उभा. तुझा दोरा मधल्या धारेवर पडला की धार त्याला ओढते, दोरा केबारीला ओढतो, आणि मासा ओळखतो की कुठला किडा प्रवाहाच्या आडवा असा धावत सुटत नाही. दोरा हवेत असला की केबारी त्या दगडामागे तीन-चार सेकंद जिथल्या तिथे राहते. तेवढंच. मग उचल, पाऊल पुढे, दुसरा दगड. इथे वाट बघणं नाही. देठ हलायची वाट आपण तासतास बघायचो, आणि इथे तरंगाच नाही. गांडूळ असलं तर मासा चघळत बसतो. पिसं त्याच्या तोंडात गेली की पापणी लवायच्या आत थुंकतो. पाण्याखाली काहीतरी चमकलं, नारिंगी दोरा श्वास अडकल्यासारखा थबकला, की मनगट हलकंसं उचलायचं. विचार करायला घेतलास की गेला.

आणि चालायचं नेहमी प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला. मासे धारेकडे तोंड करून असतात, म्हणजे आपण त्यांच्या पाठीमागून जातो. सावली पाण्यावर पडली की संपलं. सेन्सेई पासष्टीचे आहेत, पण दगडावरून दगडावर मांजरासारखे. त्यांच्या पिशवीला अस्वलासाठी घंटी बांधलेली. त्या डोंगरांत काळी अस्वलं आहेत, त्यांना आपली चाहूल आधीच लागलेली बरी. दिवसभर ती किणकिण ऐकून मला सारखं वाटत होतं की संध्याकाळ झाली, गुरं घरी चालली.

पहिला मासा लागला तो पायाशी आणून घालवला. रीळ नाही म्हणजे काय ते तेव्हा कळलं. काठी बारा फूट, दोरा तेरा, वर तो हातभर बारीक. काठी कितीही मागे झुकवली तरी मासा हाताच्या पल्ल्याबाहेरच. शेवटी दोरा हाताने धरून ओढून घ्यावा लागतो. मी आनंदाच्या भरात काठीच खाली ठेवली, दोरा ढिला पडला आणि साहेब निघून गेले. या केबारीच्या गळाला मासा अडकवून ठेवणारा उलटा काटा नव्हता ना, ढील मिळाली की सुटलाच. तुझं 'ओढ ओढ' ऐकू आलं मला, खोटं नाही सांगत.

दुसरा तीनच्या सुमारास. हा मात्र हातात आला. यामामे. वीतभरच असेल, पण काय देखणा! अंगावर निळसर करड्या अंगठ्यांचे ठसे उमटवल्यासारखी ओळ. साल्मनच्या पिलांच्या अंगावर असे ठसे असतात आणि मोठेपणी जातात, पण यामामे ओढ्यातच राहतो म्हणून याचे जन्मभर तसेच. हाच मासा समुद्रात गेला तर त्याचे ठसे जातात, अंग चांदीचं होतं, आणि हातभर लांबीचा होऊन तो परत येतो, तेव्हा त्याला साकुरामासु म्हणतात. जात एकच. सेन्सेई म्हणाले, ओढ्यात ज्यांना चांगली जागा आणि पोटभर खाणं मिळतं ते राहतात, बाकीचे समुद्राकडे. मला आपला दहावीचा वर्ग आठवला. पण ते भेटल्यावर बोलू, तुझी बायको हे पत्र वाचेल.

त्याला ओल्या हातात पाण्यातच धरला, केबारी बोटाने मागे सरकवली, आणि तो क्षणभर तिथेच हलत राहून दगडाखाली गेला. आता तू म्हणशील, सोडायचाच तर पकडला कशाला? अरे, मलाही ते पटलेलं नाही अजून. तो लहान होता म्हणून सोडला. संध्याकाळी स्टेशनजवळच्या खानावळीत सळईवर लाटेसारखा वळवून, निखाऱ्यावर मीठ लावून भाजलेला यामामे खाल्लाच की मी. चिंच नाही, तिरफळ नाही, हळदसुद्धा नाही. नुसतं मीठ. आईला सांगू नकोस, पण चांगला लागतो.

आता तुझ्याकडे एक काम. दिवाळीत येतोय, तोवर नदीचं पाणी निवळलेलं असेल. मागच्या बेटातली एक चिवार बघून ठेव, सरळ, बुंध्याला अंगठ्याएवढी, बारा-तेरा फुटांची. अंधाऱ्या पाखात तोड, नाहीतर पोखर लागेल, आणि चुलीवरच्या माळ्याला आडवी टाकून ठेव धुरात. इथली काठी मी आणणार नाही. दोरा आणि केबाऱ्या तेवढ्या आणतो. वरच्या कोंडीच्या खाली, जिथे पाणी दोन कातळांमधून येतं आणि आपण कधीच गळ टाकला नाही कारण तिथे तरंगा टिकायचा नाही, ती जागा आठवते? तिथे टाकून बघायचंय. तुमच्या लाल कोंबड्याची मान कापशील तेव्हा पिसं फेकू नकोस, डब्यात ठेव. पोस्टाने मात्र पाठवू नकोस, इथले कस्टमवाले धरतील.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
तोच, टोपीत गळ अडकवणारा