तोरणमाळला तळ्याकाठी जरा थांबा

संपादक महोदय,

तोरणमाळला आलेली मंडळी यशवंत तलावाकाठी फोटो काढतात आणि लगेच सीताखाईकडे निघतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही मात्र तासभर तिथंच बसलो. टिबुकली हा छोटा पाणपक्षी. ती बुडी मारायची ती भलतीकडेच वर यायची. नात तिच्या बुड्या मोजत बसली. खंड्यानं वाळक्या फांदीवरून सूर मारला, मासा फांदीवर दोनदा आपटला आणि गिळला.

खरं धन भोवतालच्या सातपुड्याच्या रानात आहे. १८८४ नंतर ज्याचा खात्रीचा पुरावा नव्हता, जो नामशेष झाला असंच धरलं होतं, तो रानपिंगळा १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. हे छोटं घुबड भरदिवसाही शिकार करतं. घरटं जुन्या झाडाच्या ढोलीत. म्हणून वठलेलं झाडसुद्धा सरपण समजून तोडू नये, ही कळकळीची विनंती.

त्या दिवशी एका गाडीतला स्पीकर सुरू झाला आणि टिबुकली थेट पल्याडच्या गवतात शिरली. पर्यटकांनी एवढा आवाज तरी आवरावा. आणि तळ्याकाठी पक्ष्यांच्या नावांचा एक फलक लावावा. मराठीसोबत तिथल्या पावरी बोलीतली नावंही त्यावर हवीत.

– एक वाचक, शहादा