रासायनिक बंध : देण्याघेण्याच्या कथेऐवजी कारण शिकवावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माध्यमिक शाळेत रासायनिक बंधाचा पाठ बहुतेक ठिकाणी एकाच कथेने सुरू होतो. सोडिअमच्या बाह्यतम कवचात एक इलेक्ट्रॉन असतो, क्लोरिनला एका इलेक्ट्रॉनची गरज असते, सोडिअम तो देतो, क्लोरिन तो घेतो, दोघांचे अष्टक (बाह्यतम कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होते आणि मिठाचा रेणू तयार होतो. विद्यार्थी हे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पूर्ण गुण मिळवतात. परंतु या कथेत बंध तयार होण्याचे कारण चुकीचे सांगितलेले असते आणि तिचे शेवटचे वाक्य तर सरळ असत्य आहे. रसायनशास्त्र अनेक वर्षे शिकवलेला शिक्षक म्हणून याकडे आपल्या वाचकांपैकी शिक्षकांचे, पालकांचे आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांचे लक्ष वेधावेसे वाटते.

आधी कारणाचा विचार करू. सोडिअमचा अणू आपला इलेक्ट्रॉन आपण होऊन कधीच देत नाही. वायुरूप सोडिअमच्या एक मोल (अणू-रेणू मोजण्याचे ठरावीक मोठे परिमाण) अणूंमधून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन ओढून काढायला ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च करावी लागते. तेच इलेक्ट्रॉन क्लोरिनच्या अणूंनी स्वीकारले की ३४९ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे केवळ देणेघेणे पाहिले तर व्यवहार १४७ किलोज्यूलने तोट्यातच राहतो. त्यातच घन सोडिअमचे सुटे अणू करण्यासाठी सुमारे १०७ आणि क्लोरिनचे रेणू तोडण्यासाठी सुमारे १२२ किलोज्यूल लागतात. एकूण तूट ३७६ वर जाते. तरीही सोडिअम क्लोरिनमध्ये झगझगीत पिवळ्या ज्योतीने जळतो आणि भरपूर उष्णता बाहेर पडते. ही उष्णता येते कोठून? धन आणि ऋण आयन (इलेक्ट्रॉन गमावल्याने वा मिळाल्याने भारित झालेले अणू) एकमेकांकडे ओढले जाऊन स्फटिकात रचले जातात, तेव्हा मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा मुक्त होते. ती सगळी तूट भरून काढते आणि वर ४११ किलोज्यूल शिल्लक ठेवते. मीठ बनते ते या विद्युत आकर्षणामुळे, अष्टकाच्या ओढीमुळे नव्हे. अणूला ‘हवे असते’, ‘गरज असते’, ‘स्थिर व्हायचे असते’ ही भाषा ऐकायला सोपी असली, तरी तिने प्रश्नाचे उत्तर मिळत नाही; प्रश्न विचारण्याची गरजच उरली नाही, असा समज मात्र होतो.

आता मिठाच्या ‘रेणू’विषयी. विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. त्यात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइड आयनाभोवती सहा सोडिअम आयन आढळले. अमुक सोडिअम अमुक क्लोरिनचा जोडीदार, असे तेथे काही नाहीच. ‘एनएसीएल’ हे सूत्र फक्त दोहोंचे प्रमाण सांगते. ही गोष्ट त्या काळच्या जाणत्या रसायनशास्त्रज्ञांनाही पचवणे जड गेले. ७९ वर्षांच्या हेन्री आर्मस्ट्राँग यांनी १९२७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहून ब्रॅग यांच्या बुद्धिबळाच्या पटासारख्या रचनेची कडक शब्दांत हजेरी घेतली होती. आर्मस्ट्राँग यांची अडचण समजण्यासारखी आहे, कारण आयुष्यभर त्यांनी रेणूंचाच विचार केला होता. आपल्या विद्यार्थ्यांना मात्र शंभर वर्षांनंतरही तीच अडचण आपण हाताने देत आहोत.

कारण नीट सांगितले की गुणधर्म आपोआप उलगडत जातात. मिठाचा खडा हातोडीने ठोकला तर फुटतो आणि त्याच्या कडा बऱ्याचदा सरळ, काटकोनात निघतात. आघाताने आयनांचा एक थर जागचा सरकला की सारख्या भाराचे आयन समोरासमोर येतात, आकर्षणाच्या जागी प्रतिकर्षण सुरू होते आणि स्फटिक त्या पातळीवर दुभंगतो. पुण्याच्या तांबट आळीत मात्र शतकानुशतके तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे घाव पडत आले आहेत आणि त्यातून घंगाळी, हंडे घडत आले आहेत. तांब्यातही थर सरकतात. पण तेथे अणूंचे बाह्यतम इलेक्ट्रॉन कोणा एका अणूच्या मालकीचे नसतात, ते संपूर्ण धातूभर वावरतात आणि धन आयन कोठेही सरकले तरी त्यांना बांधून ठेवतात. म्हणून पत्रा तुटत नाही, पसरतो. तांब्याची तार वीज वाहून नेते ती याच इलेक्ट्रॉनांमुळे. ठोकून ठोकून तांबे कडक होते आणि कारागिराला ते पुन्हा तापवून मऊ करावे लागते, हेही अणूंच्या थरांच्या सरकण्याशीच निगडित आहे. धातू बंधाला पाठात बहुतेकदा एखाद्या परिच्छेदापलीकडे जागा मिळत नाही, हे मला फार खटकते. ज्या मुलांच्या घरात तांब्याचा तांब्या आणि ॲल्युमिनिअमचे पातेले आहे, त्यांना मिठातल्यासारख्या आयनिक बंधाआधी धातू बंधच शिकवला तरी चालेल.

सहसंयुज बंधाबाबतची, म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतल्याने होणाऱ्या बंधाबाबतची, चूक आणखी खोलवर रुजलेली आहे. ‘सहसंयुज संयुगांचे द्रवणांक व उत्कलनांक कमी असतात, कारण त्यांचे बंध दुर्बल असतात’ हे वाक्य कित्येक मार्गदर्शिकांत छापलेले मी पाहिले आहे. पाण्यातील ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४६३ किलोज्यूल लागतात, तर १०० अंशांवर एक मोल पाण्याची वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल पुरतात. पाणी उकळताना एका रेणूचे दुसऱ्या रेणूशी असलेले आकर्षण सुटते, रेणूच्या आतले बंध शाबूत राहतात. ते तुटले असते तर चुलीवरच्या भांड्यातून वाफेऐवजी हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर आले असते. जेथे सुटे रेणू नसून सहसंयुज बंधांचेच अखंड जाळे असते, तेथे हा तथाकथित नियम पूर्णपणे उलटा होतो. वाळूतील क्वार्ट्झ वितळायला १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते, मीठ ८०१ अंशांवरच वितळते, आणि हिऱ्याच्या कठीणपणाविषयी तर वेगळे सांगायला नको.

धातू आणि अधातू एकत्र आले की आयनिक बंध, दोन अधातू आले की सहसंयुज, ही विभागणीही सुरुवातीची खूणगाठ म्हणूनच घ्यावी. ॲल्युमिनिअम फ्लोराइड १२०० अंशांपर्यंत तापवले तरी घनरूप राहते. निर्जल ॲल्युमिनिअम क्लोराइड मात्र सुमारे १८० अंशांवरच संप्लवन पावते (न वितळता थेट वाफ होते) आणि त्याच्या वाफेत दोन ॲल्युमिनिअम व सहा क्लोरिन अणूंचे रेणू असतात. धातू तोच, अधातू एकाच गणातले, तरी वागणूक इतकी वेगळी. तिन्ही बंधांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, धनभारित केंद्रकांचे आणि ऋणभारित इलेक्ट्रॉनांचे आकर्षण. इलेक्ट्रॉन कोठे आणि किती पसरलेले आहेत यावरून आपण त्यांना तीन नावे देतो, आणि त्यांच्या सीमारेषा निसर्गात आखलेल्या नाहीत.

अष्टकाचा नियम टाकून द्यावा, असे माझे म्हणणे नाही. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांच्या संयुगांची सूत्रे मांडताना तो फार उपयोगी पडतो, आणि गिल्बर्ट लुइस यांनी १९१६ मध्ये मांडलेली इलेक्ट्रॉनांच्या जोडीची कल्पना आजही प्रत्येक रसायनशास्त्रज्ञ वापरतो. पण बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन येतात, नायट्रिक ऑक्साइडमध्ये एकूण इलेक्ट्रॉनच विषम असतात. अष्टक आधीच पूर्ण असलेला झेनॉनसुद्धा संयुग बनवतो, हे नील बार्टलेट यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले. अष्टक हे सूत्र मांडण्याचे साधन आहे, एवढेच विद्यार्थ्यांना प्रामाणिकपणे सांगितले तर अकरावीत जालक ऊर्जा (आयन स्फटिकात रचले जाताना मुक्त होणारी ऊर्जा) शिकताना त्यांना आधीचे सारे पुसून टाकावे लागणार नाही.

आठवी-नववीच्या मुलांना हे जड जाईल, असा आक्षेप घेतला जातो. माझा अनुभव तसा नाही. मुलांना आयनीभवन ऊर्जेचे (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचे) आकडे पाठ करायचे नसतात. ‘विरुद्ध भार एकमेकांना ओढतात’ एवढे त्यांना आधीच ठाऊक असते. मिठाचा खडा, खडीसाखर आणि तांब्याची तार, सोबत एक बॅटरी, एक बल्ब आणि एक हातोडी, इतक्या साहित्यावर दोन तासिका उत्तम होतात. खरी अडचण मूल्यमापनाची आहे. ‘मिठाचा रेणू कसा तयार होतो?’ असा प्रश्न विचारला जातो तोवर शिक्षकही त्याचेच ठरीव उत्तर लिहून घेणार. त्याऐवजी ‘मीठ ठोकले तर फुटते आणि तांबे पसरते, याचे कारण लिहा’ किंवा ‘पाणी उकळताना कोणते आकर्षण सुटते?’ असे प्रश्न विचारावेत, नमुना उत्तरांत ‘मिठाचा रेणू’ हा शब्दप्रयोग चूक मानावा, आणि ‘अष्टक पूर्ण होण्यासाठी’ एवढेच कारण लिहिणाऱ्या उत्तराला पूर्ण गुण देऊ नयेत, अशी प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, चिपळूण