ते परदेशी चाऱ्याचं बी पेरण्याआधी हे वाच

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला. एवढं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या तुकड्यात सांगण्यात मजा नाही म्हणून पत्रच लिहून राहिलो. तू वर्षभर हिरव्या चाऱ्याचं मिक्स बियाणं ऑनलाइन मागवलं, पाकिटावर टॉल फेस्क्यू, रायग्रास आणि कॅनरी ग्रास अशी नावं आहेत, आणि दिवाळीनंतर विहिरीजवळच्या वाफ्यात पेरून बकऱ्यांना चारायचं असं तू म्हणतो. हे बघ, माझं म्हणणं एकच आहे. या गवतांमधलं विष बियाण्यासोबतच घरात येतं. पेरायचंच असेल तर कुंडीत पेर, रोज बघ, शिक त्यातून, पण बकऱ्यांच्या तोंडाला लागू देऊ नको आणि वावरात तर पाऊलही ठेवू देऊ नको.

फेस्क्यूची गोष्ट सांगतो, मला ती लय महत्त्वाची वाटते. १९३१ मध्ये अमेरिकेत केंटकीच्या एका डोंगरउतारावर हे गवत हिवाळ्यातही हिरवंगार दिसलं म्हणून विद्यापीठाच्या लोकांनी तिथलं बी नेलं, अभ्यास केला आणि १९४३ मध्ये केंटकी ३१ नावानं वाण बाहेर काढला. शेतकऱ्यांनी तो लाखो एकरांवर लावला. आणि मग ढोरं बिघडायला लागली, थंडीत खूर सडायचे, शेपटीचा शेंडा गळायचा, उन्हाळ्यात ताप, धाप, दूध कमी, वजन भरेना, आणि गवत तर दिसायला एकदम झकास! कारण सापडायला १९७० चं दशक संपत आलं. गवताच्या आत एक बुरशी राहते, बाहेरून डाग नाही, वास नाही, काही नाही, आणि ती एर्गोव्हॅलिन नावाचं अल्कलॉइड, म्हणजे एक प्रकारचं विषारी रसायन, तयार करते, त्यानं रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून थंडीत टोकाला रक्त पोचत नाही आणि उन्हाळ्यात अंगातली गरमी बाहेर पडत नाही. आता आपल्या यवतमाळ-वर्ध्याच्या मे महिन्यात गाईच्या अंगातली गरमी बाहेर पडली नाही तर काय होईल ते मी तुला वेगळं सांगायला नको.

ही बुरशी मातीतून येत नाही, हवेतून येत नाही, शेजारच्या झाडावरून उडत नाही. आईच्या बियातून पोरीच्या रोपात जाते, बस. बी गरम आणि दमट जागेत वर्ष-दोन वर्ष पडून राहिलं तर बुरशी मरते आणि बी मात्र तरी उगवतं, म्हणजे एकाच वाणाची दोन पाकिटं, एक ताजं एक जुनं, अन् दोन्हीतून निघालेला चारा वेगवेगळा. डोळ्यानं हे कळत नाही, बियाच्या आतला थर रंगवून मायक्रोस्कोपखाली धरला की पेशींच्या मधून वाकडे वाकडे दोरे दिसतात तेव्हा कळतं. रायग्रासमध्ये अशीच वेगळी बुरशी, तिचं विष लोलिट्रेम, त्यानं मेंढ्या थरथरतात आणि हाकललं की धाडकन पडतात. न्यूझीलंडवाल्यांनी मग ढोरांना त्रास न देणारी पण किडीला दूर ठेवणारी बुरशी शोधून ती बियात घातली, कारण बुरशी पूर्ण काढली तर किडे गवत फस्त करतात. हे काम मला खरंच फार मोठं वाटतं.

कॅनरी ग्रासचं वेगळं आहे, तिथे अल्कलॉइड गवत स्वतःच बनवतं, ग्रामिन आणि ट्रिप्टामिन जातीची. ऑस्ट्रेलियात त्याच्या एका भावानं मेंढ्यांना जो आजार होतो त्यात मान डोलते, पाय अडखळतात, पुढच्या गुडघ्यावर बसकण मारते, आणि कधी कधी तर चारा बंद केल्यावर कित्येक दिवसांनी हे सुरू होतं. कोबाल्ट दिलं तर हा आजार अडतो, पण अचानक मरण्याचा जो दुसरा प्रकार आहे तो त्यानं थांबत नाही. कोवळ्या फुटव्यात आणि ताण बसलेल्या गवतात हे विष जास्त, म्हणजे नेमकं बकरी आधी खाते तेच. आणि कोणी पोट्टा तुला सांगत असेल की या गवतातून नशा निघते, तर त्याचं ऐकू नको, कोणत्या रोपात कोणतं विष किती ते दिसत नाही आणि त्यातलं एक एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातही येतं.

कुंडीत करायचं असेल तर थंडी पडल्यावर कर, गाळलेलं शेणखत आणि रेती मिसळलेली माती, बी वरून भुरभुरायचं आणि अर्धा सेंटीमीटरच माती टाकायची, खोल गेलं तर बारीक बी वर येत नाही. कॅनरी ग्रासच्या घराण्यातला गुल्लीडंडा नावाचा तणाचा प्रकार तर पंजाब-हरियाणात गव्हाचा मोठा वैरी आहे. तो लहानपणी हुबेहूब गव्हासारखा दिसतो, पण रोप मुळाशी मोडून बघ, बुडाशी लालसर रस निघतो, आणि गव्हाच्या पानाच्या तळाशी जे दोन कान खोडाला मिठी मारून असतात ते याला नसतात. तुझ्या गव्हात असं एकही रोप दिसलं तर ओंबी धरायच्या आत उपटून टाक. ओंब्या कुंडीतल्या गवताच्याही कापायच्या, आणि ते कापलेलं उकिरड्यावर टाकायचं नाही, जाळायचं.

बाहेरच्या देशातून टपालानं थेट आलेलं बी असेल तर ते कागदपत्राशिवाय आणणं २००३ च्या प्लांट क्वारंटाईन आदेशाच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या बी-रोपांच्या सरकारी नियमाच्या, विरोधात आहे, तेव्हा पाकिटावर कुठून आलं ते आधी बघ.

आणि हे सगळं परदेशातच होतं असं काही नाही. ज्वारीच्या कणसाला चिकटा लागतो ना, मधासारखा गळतो आणि मग दाण्याच्या जागी कडक शिंग निघतं, तीही एर्गोटच्या, म्हणजे कणसात दाण्याच्या जागी वाढणाऱ्या विषारी बुरशीच्या, घरचीच. बाजरीत असेल तर बी मिठाच्या वीस टक्के पाण्यात बुडवायचं, दहा लिटरला दोन किलो मीठ, तरंगतं ते काढून नष्ट करायचं आणि खालचं धुऊन सावलीत वाळवून पेरायचं, हे तर आजोबांच्या वेळचे कास्तकारही करायचे. कोदो हे भरडधान्य बुरसलं की ते खाऊन झिंग येते हे गडचिरोली-गोंदियाकडच्या म्हाताऱ्यांना पक्कं माहीत आहे, २०२४ मध्ये मध्य प्रदेशात बांधवगडला दहा हत्ती कोदोचं पीक खाऊन मेले आणि तपासणीत सायक्लोपियाझोनिक ॲसिड हे बुरशीचं विष सापडलं. कोवळी ज्वारी खाऊन ढोराला लागते ते मात्र वेगळं, ते सायनाइडचं, त्यात घाई असते, डॉक्टरला लगेच बोलवायचं.

मग तू विचारशील की बकऱ्यांना काय देऊ. आपलं मारवेल गवत लाव. धुऱ्यावर लाव, उपळट जागेत लाव, त्याचं बी उगवायला नखरे करतं पण ठोंबं पावसात पटकन धरतात, आणि मुरमाड जमिनीत पवना गवत आहेच. आपल्या उन्हाळ्यात टॉल फेस्क्यू टिकणार नाही, मारवेल टिकतो, हे मी माझ्याच धुऱ्यावर बघून राहिलो.

पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव, त्यावर लॉट नंबर, पॅकिंगची तारीख आणि औषध लावलेलं बी आहे का ते असतं, औषध लावलेलं असेल तर ते पोरांच्या हातात देऊ नको. आणि पोळ्याच्या आधी ये, माझ्याकडे मारवेलचे ठोंबं बरेच झाले आहेत, पोतं भरून घेऊन जा, ओल आहे तोवर लागतील.

तुझा मित्र